लाकडाच्या पुलावरून ट्रक जाईल का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात आपल्याकडच्या फरशी पुलांवर लिहिलं होतं, त्यात जाता जाता एक ओळ टाकली होती की युरोपात मोठ्या नद्यांवर लाकडाचे रस्तापूल बांधलेत, चांगले ट्रक जाण्यासारखे. त्या एका ओळीवर इतके प्रश्न आलेत की या वेळचं सगळं सदर त्यालाच देतो. फरशी पुलांबद्दल ज्यांनी विचारलंय त्यांचं पुढच्या अंकात बघू.

प्रश्न : सर तुम्ही लिहिलं की लाकडाच्या पुलावरून ट्रक जायलेत, खरं सांगा हे कसं शक्य हाय? आमच्याकडं गंगेवर, म्हंजे गोदावरीवर, सिमेंटचा पूल हाय, त्यावरून उसाची ट्रॉली गेली तर पायाखाली थरथर जाणवतीय. अन् लाकूड तर चार पावसाळ्यात कुजतंय. आमच्या आज्याच्या बैलगाडीचं चाक गोठ्यात पडलंय, हात लावला की भुगा व्हायलाय. मग त्यांचं लाकूड काय वेगळं हाय का?
(एक वाचक, गंगाखेड तालुका)

उत्तर : दादा, तुमच्या गोठ्यातल्या चाकावर येतोच मी, कारण निम्मं उत्तर त्या चाकातच आहे. पण आधी पूल कोणते ते सांगतो.

नॉर्वेत ग्लोमा नावाची नदी आहे, त्यांच्या देशातली सगळ्यात लांब, जवळपास 600 किलोमीटर. तिच्यावर 1996 साली एव्हेनस्टाड इथं लाकडाचा रस्तापूल झाला, 180 मीटर लांब, 36 मीटरचे पाच गाळे (गाळा म्हंजे दोन खांबांमधलं अंतर). मग 2001 ला त्याच नदीवर ट्युनसेटला दुसरा, त्याची मोठी कमान एकटीच 70 मीटरची. आणि 2003 ला फ्लिसाला तिसरा, तो 196 मीटरचा. 70 मीटरचा गाळा म्हंजे बघा, आपली एसटी बस साधारण 11 मीटरची धरली तर सहा बस एकामागं एक उभ्या राहतील आणि खाली मधे एकही खांब नाही. फिनलंडमधे 1999 ला विहंतसाल्मीचा पूल झाला, तळ्याच्या पाण्यावर, 168 मीटर, आणि तो त्यांच्या मोठ्या हायवेवर आहे. 2005 मधे नॉर्वेतच रेना नदीवर 158 मीटरचा एक केला तो तर लष्कराच्या रणगाड्यांचं ओझं धरून केलाय. तेव्हा उसाची ट्रॉली काही विशेष नाही.

आता हे कसं जमतं. पहिली गोष्ट, त्यात ओंडका नसतोच. आपल्या डोळ्यासमोर लाकडाचा पूल म्हणलं की बाभळीचा नाहीतर लिंबाचा जाडजूड बुंधा येतो, पण एका बुंध्यात किती गाठी, किती चिरा, आतून कुठं पोकळ हे वरून कुणालाच दिसत नाही. म्हणून ते काय करतात, पाइनच्या तीन-चार सेंटिमीटर जाडीच्या फळ्या काढतात, भट्टीत वाळवून पाण्याचा अंश 12 टक्क्यांच्या आसपास आणतात, खराब गाठीचा भाग कापून टाकतात, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवावी तशा खाचा पाडून फळीला फळी जोडतात आणि मग अशा पंचवीस-तीस लांब फळ्या एकावर एक डिंकानं चिकटवून दाबात ठेवतात. याला ग्लुलॅम म्हणतात. ही युक्ती काही कालची नाही, ओटो हेट्झर नावाच्या जर्मन माणसानं 1906 मधे चिकटवलेल्या तुळईचं पेटंट घेतलंय. फायदा असा की एका फळीत गाठ आली तरी वरची आणि खालची तिला सांभाळून घेते, आणि झाड जेवढं लांब तेवढीच तुळई ही अडचण राहत नाही, शिवाय चिकटवतानाच वाकवली तर कमान होते. 1994 ला नॉर्वेत लिलहॅमरचं हिवाळी ऑलिंपिक झालं तेव्हा त्यांनी मोठमोठी स्टेडियम अशाच लाकडी कमानींवर उभी केली होती, तिथं हात बसला आणि मग तीच पद्धत पुलांकडं वळवली.

दुसरी गोष्ट वजन. एक घनमीटर पाइन साधारण 500 किलो, तेवढंच काँक्रीट 2400 किलो आणि लोखंड 7850 किलो. पुलाला ट्रकचं ओझं तर पेलायचंच असतं पण त्याआधी स्वतःचं पेलायचं असतं, आणि मोठ्या गाळ्यात हे स्वतःचं ओझंच जास्त जड पडतं. लाकूड हलकं म्हणून वाचतं. फ्लिसाचा पूल तर जुन्या लोखंडी पुलाच्या खांबांवरच बसवलाय, नवा पूल जड असता तर खांबापासून सगळं नव्यानं करावं लागलं असतं. वजनाचं हे गणित आपल्या भागाला फार महागात पडून कळलेलं आहे. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा माणसं दगावली ती दगडमातीच्या भिंती आणि माळवदावरची फूट-दोन फूट माती अंगावर आल्यानं. कित्येक घरांत भिंती पार ढासळल्या होत्या पण खांब-तुळयांचा सागवानी सांगाडा उभाच्या उभा होता. मी तेव्हा नोकरीला नवीन होतो, पडलेली घरं मोजायला आम्हाला पाठवलं होतं, ते उभे राहिलेले खांब अजून डोळ्यासमोरून जात नाहीत.

आता तुमचं चाक. माझे आजोबा सुतार होते, बलुत्यावर चाकं करायचे. तुंब्यात, म्हंजे मधल्या गड्ड्यात, आरे ठोकायचे, आऱ्यांवर पुठ्ठे, म्हंजे कडेचे बाकदार लाकडी तुकडे, बसवायचे आणि शेवटी लोहाराला बोलावून धाव चढवायची. गोवऱ्यांच्या आरात लोखंडी पट्टा लालभडक तापवायचा, तापला की तो थोडा मोठा होतो, तसाच सांडशीनं उचलून चाकावर बसवायचा आणि वरून बदाबदा पाणी ओतायचं. पट्टा आक्रसतो आणि आतलं सगळं लाकूड असं आवळून धरतो की बाहेरून एक खिळा न मारता ते चाक दोन टनाचा माल खड्ड्याखुड्ड्यातून ओढून नेतं. म्हंजे ताकद नुसती लाकडाची नाही, आवळण्याची आहे.

लाकडी पुलावर ज्या पाटावरून गाडी जाते तो पाट नेमका याच तत्त्वावर करतात. फळ्या आडव्या न टाकता उभ्या कडेवर शेजारी शेजारी लावतात, त्यांच्यातून आरपार पोलादी गज घालतात आणि दोन्हीकडून आवळतात, इतकं की सगळ्या फळ्यांची मिळून एकच जाड लादी तयार होते. ट्रकचं चाक एका फळीवर आलं तरी शेजारच्या फळ्या घर्षणानं त्याचं ओझं वाटून घेतात. कॅनडाच्या ओंटारियो प्रांतात 1976 च्या सुमारास ढिल्या झालेल्या जुन्या लाकडी पुलांची दुरुस्ती करताना हा प्रकार सुरू झाला आणि मग नवीन पुलांतही आला. आणि गंमत बघा, उन्हाळ्यात आपल्याकडं चाक सुकून ढिलं व्हायचं, आरे कुरकुरायला लागले की गडी गाडी नदीत उभी करायचे, लाकूड पाण्यानं फुगलं की चाक पुन्हा आवळून यायचं. पुलाच्या गजांचंही तेच, लाकूड सुकलं की ताण उतरतो, म्हणून ठराविक काळानं जाऊन ते पुन्हा आवळावे लागतात. आजोबांना कुणी हा पूल दाखवला असता तर त्यांना सगळं एका नजरेत समजलं असतं असं मला मनापासून वाटतं.

राहिलं कुजण्याचं. लाकूड पाण्यानं कुजत नाही, पाण्यावर वाढणाऱ्या बुरशीनं कुजतं, आणि लाकडातलं पाणी 20 टक्क्यांच्या खाली राहिलं तर ती बुरशी धरत नाही. वाड्यातली दीडशे वर्षांची तुळई टणक राहते कारण ती कोरडी असते. नदीच्या तळात कायम बुडालेलं लाकूडही टिकतं कारण तिथं हवा नसते. मरतं ते मधलं, जे आज भिजतं उद्या वाळतं आणि खालून ओल धरून ठेवतं. तुमचं चाक उभ्या हयातीत मातीतून, पाण्यातून गेलं आणि काही झालं नाही, पण गोठ्यात आडवं पडून शेणामुताची ओल बसली आणि भुगा झालं. नॉर्वेवाले म्हणून लाकडाच्या वरच्या अंगाला तांब्याचा पत्रा ठोकतात, पाटावर पाणी न झिरपणारा थर देऊन मग डांबर टाकतात, आणि या पुलांच्या लाकडात दाबानं औषध भरलं होतं, आधी तांब्याचे क्षार आणि वरून क्रिओसोट. क्रिओसोट म्हंजे जुन्या मीटरगेज लाइनच्या लाकडी स्लीपरला उन्हात जो डांबरासारखा वास यायचा ना, तेच काळं तेल.

एकाच वाक्यात हवं असेल तर, त्यांचं लाकूड वेगळं नाही, त्याला कोरडं ठेवायची शिस्त वेगळी आहे.

प्रश्न : सर मी लातूरला सिव्हिल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. मागच्या अंकानंतर मी थोडं शोधलं तर कळलं की नॉर्वेमधे 2022 ला लाकडी पूल पडला होता. मग हे मटेरियल फेल नाही का? आमच्या सरांना विचारलं तर ते म्हणाले सिलॅबसमधे नाही.
(एक विद्यार्थिनी, लातूर)

उत्तर : तू हे शोधलंस याचा मला फार आनंद झाला बाळ, आणि मागच्या अंकात मी हे लिहायला हवं होतं, राहून गेलं. सिलॅबसमधे नसलं तरी वहीत लिहून घे.

तो ट्रेटेनचा पूल. 148 मीटर लांब, लोखंड आणि ग्लुलॅमचा मिळून केलेला ट्रस, म्हंजे दांड्यांचे त्रिकोण जोडून केलेला सांगाडा, 2012 ला चालू झाला आणि 15 ऑगस्ट 2022 च्या सकाळी कोसळला. तेव्हा वर एक ट्रक आणि एक कार होती, दोन्ही ड्रायव्हर वाचले, ट्रकवाल्याला हेलिकॉप्टरनं उचलून काढावं लागलं. दहा वर्षांचा पूल म्हंजे पुलाच्या हिशेबात तान्हंच. आणि हा पहिला नव्हता, फेब्रुवारी 2016 मधे त्याच खोऱ्यात पेर्कोलोचा लाकडी पूल ट्रक वर असताना खाली आला होता, तो तर जेमतेम दोन वर्षांचा. त्यानंतर तशा धाटणीचे पूल तपासले, त्यात ट्रेटेनही होता, तो चालू ठेवला आणि सहा वर्षांनी तोच पडला. ही गोष्ट मला पडण्याहूनही जास्त लागते.

आता पडला कशामुळं. लाकूड कुजलेलं नव्हतं, वाळवी लागलेली नव्हती. गेला तो सांधा. मोठ्या लाकडी ट्रसमधे दोन तुकडे जोडायला लाकडात करवतीनं चिरा पाडून त्यात पोलादी पत्रे सरकवतात आणि आरपार पोलादी खुंट्या मारतात, एकेका सांध्यात डझनावारी. ओढ आली की प्रत्येक खुंटी लाकडाला आपल्या बाजूला खेचते. प्रत्येक खुंटीपुरतं लाकूड पुरेसं असतं, हिशेबात पास होतं, पण सगळ्या खुंट्या मिळून जो चौकोनी ठोकळा घेरतात तो अख्खा ठोकळाच रेषेरेषेनं सुटून बाहेर येऊ शकतो. याला ब्लॉक शिअर म्हणतात, आणि तपासात ट्रेटेनच्या तिरक्या दांड्याच्या सांध्यात हेच सापडलं.

तुला समजायला सोपं करून सांगतो. लाकूड हे एका दिशेनं बांधलेल्या गवताच्या पेंढीसारखं आहे, लांबीत ओढलं तर जाम तुटत नाही पण धाग्याच्या अंगानं सोलायला लागलं की सहज सोलतं. काँक्रीटला असली दिशा नाही, लोखंडालाही नाही. म्हणून लोखंडाच्या सांध्याचा हिशेब जसाच्या तसा उचलून लाकडाला लावता येत नाही. आजोबा आम्हा पोरांच्या हातात हातोडी दिली की पहिली ताकीद हीच द्यायचे, फळीच्या टोकाशी खिळा मारू नको, आणि एका रेषेत दोन खिळे मारू नको, फाट जाईल. त्यांना ब्लॉक शिअर हा शब्द माहीत असायचं कारण नव्हतं पण धोका तोच. आणि एक गोष्ट, काँक्रीटचा पूल पडायच्या आधी बऱ्याचदा तडे दाखवतो, वाकतो, लोखंड ताणून लांबतं. लाकूड ओढीत आणि चिरण्यात कडकन जातं, आधी सांगत नाही. म्हणून तिथं एक सांधा गेला तरी बाकीच्यांनी धरून ठेवावं अशी सोय हिशेबात आधीच लागते.

ट्रेटेननंतर नॉर्वेनं तशाच बांधणीचे 14 पूल लगेच बंद केले आणि एकेक करून पुन्हा तपासायला घेतले. तेव्हा मटेरियल फेल असं मी म्हणणार नाही, पण आम्ही इंजिनिअर लोक जिथं कमी पडलो ते सांधेच. तुला प्रोजेक्ट करायचा असेल तर यावरच कर. दोन फळ्या, चार खुंट्या, युनिव्हर्सल टेस्टिंग मशीन तर कॉलेजमधे असतंच, टोकापासूनचं अंतर बदलत जा आणि काय होतं ते बघ. बघितल्यावर मला कळव, मी वाट बघतो.

प्रश्न : आग लागली तर? एका बिडीनं अख्खा पूल जाईल की!
(एक वाचक, जालना)

उत्तर : बिडीनं नाही जाणार. जाड तुळई आणि काडी यात फरक आहे, चुलीत जाड ओंडका घातला तर किती वेळ धुमसत राहतो ते आठवा. पेटल्यावर जाड लाकूड मिनिटाला साधारण 0.7 मिलिमीटर कोळसा होत आत सरकतं, म्हंजे अर्ध्या तासात दोन सेंटिमीटर, आणि वरचा कोळसाच आतल्या लाकडाला झाकून ठेवतो. हिशेब करताना तेवढी जाडी आधीच जास्त धरतात. उघडं लोखंड उलट 550-600 अंशाला निम्मी ताकद सोडून देतं. पण बारीक, वाळकी, छपराची लाकडं असली तर धोका खराच आहे, स्वित्झर्लंडमधे लुझर्नचा प्रसिद्ध जुना झाकलेला लाकडी पादचारी पूल ऑगस्ट 1993 मधे रात्रीतून बराचसा जळाला होता, नंतर पुन्हा बांधला.

प्रश्न : आमच्या किनवट भागात सागाचं जंगल आहे. पैनगंगेवर काही गावांना पावसाळ्यात अजून पलीकडं जाता येत नाही, पेशंटला खाटेवर न्यावं लागतं. बाहेरून सिमेंट-लोखंड आणण्यापेक्षा सागाचाच पूल का करत नाहीत? साग तर पाइनपेक्षा कितीतरी भारी. भारतात असे मोठे लाकडी पूल कधी झालेत का?
(एक शिक्षक, किनवट तालुका)

उत्तर : गुरुजी, झालेत की. श्रीनगरला झेलमवरच्या पुलांना कदल म्हणतात, त्यातला झैना कदल पंधराव्या शतकात सुलतान झैन-उल-आबिदीनच्या काळातला. देवदाराचे ओंडके एक थर उभा एक थर आडवा असे रचून खांब करायचे, वरचे थर थोडे थोडे पुढं काढत न्यायचे आणि मग मधलं अंतर तुळयांनी जोडायचं. कितीदा पुरात गेले आणि तितक्यांदा पुन्हा बांधले, पण शेकडो वर्षं शहर त्यावरून चाललं.

सागाबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, त्याच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही, त्यातल्या तेलामुळं. पण तेच तेल चिकटवताना आडवं येतं, डिंक नीट धरत नाही, पृष्ठभाग ताजा ताजा रंधून लगेच चिकटवावा लागतो. ते जमेल हो, ती मोठी अडचण नाही. माझ्या मते अडचणी दोन, आणि त्या स्पष्टच सांगतो.

पहिली म्हंजे पूर. तुमच्या भागात बहुतेक ठिकाणी फरशी पूल असतात, बुटके, पाणी वरून जाऊ द्यायचं आणि ओसरलं की रस्ता चालू. हे फरशी पूल पुरात टिकतात ते त्यांच्या वजनावर. लाकूड पाण्यापेक्षा हलकं, म्हंजे पाणी पाटापर्यंत आलं की पूलच तरंगायला बघणार, वर पुराबरोबर वाहत आलेली झाडं, काटेरी झुडपं येऊन अडकणार आणि नदी सगळं ढकलत नेणार. ज्या वजनामुळं मी वर लाकडाचं कौतुक केलं तेच इथं उलटतं. लाकडाचा पूल घालायचा तर पुराची सगळ्यात वरची खूण शोधून तिच्याही बऱ्याच वर पाट न्यावा लागेल, दोन्हीकडं उंच भराव आणि मधे काँक्रीटचे खांब. नॉर्वेतल्या पुलांचे पाण्यातले खांबही काँक्रीटचेच असतात, लाकूड वरती कोरड्यात. मग एवढं केल्यावर वरचा पाट लाकडाचा की काँक्रीटचा यानं तुमच्या पेशंटला काही फरक पडत नाही, त्याला पूल लवकर हवाय.

दुसरी, जंगल. नॉर्वे-फिनलंडकडं पाइन-स्प्रूसची जंगलं कापायची आणि पुन्हा लावायची हे पिढ्यान् पिढ्या चाललंय, म्हणून ते म्हणू शकतात की सिमेंट जाळण्याऐवजी झाडानं हवेतून ओढलेला कार्बन आम्ही पुलात बांधून ठेवला. मराठवाड्यात जंगल आहेच कुठं, किनवट-माहूर सोडलं तर नावालाच. ते तोडून केलेल्या पुलाला मी पर्यावरणाचा पूल म्हणणार नाही. हां, बांबू ही वेगळी गोष्ट आहे, तो तीन-चार वर्षांत कापायला येतो. शेजारीच विदर्भात वणी-वरोरा रस्त्यावर 2023 मधे 200 मीटर लांबीचं बांबूचं क्रॅश बॅरिअर, म्हंजे रस्त्याकडेचा कठडा, लावलंय, क्रिओसोट पाजून आणि वरून प्लॅस्टिकचा जाड थर देऊन. ते मला महत्त्वाचं वाटतं, कारण आपल्या हवेत औषध भरलेला बांबू रस्त्याकडेला किती वर्षं टिकतो हे त्यातून कळेल. नेदरलँड्समधे स्नेक गावाजवळ हायवेवर लाकडाचे दोन पूल आहेत, 2008 आणि 2010 चे, 60 टनाची वाहनं धरून केलेले, त्यातलं लाकूड तर जलद वाढणारं साधं पाइन आहे, पण त्याला व्हिनेगरच्या जातीच्या रसायनात असं मुरवतात की ते पाणीच कमी पितं, फुगत नाही, बुरशीला खाता येत नाही, आणि 80 वर्षं आयुष्य धरलंय. म्हंजे भारी लाकूड लागतंच असं नाही, साध्या लाकडावर नीट प्रक्रिया केली तरी काम होतं. आपल्याकडं कुणी असा उद्योग काढला तर मी पहिला बघायला जाईन.

पण तुमच्या गावाला आत्ता काय हवं असं विचाराल तर पायी माणसं आणि मोटरसायकल जाईल असा उंच झुलता नाहीतर लोखंडी साकव मागा, ग्रामसभेत ठराव घ्या, त्यात किती दिवस रस्ता बंद असतो त्याच्या तारखा आणि पाण्याची उंची फोटोसकट लावा. झाडावर, देवळाच्या पायरीवर पुराची खूण रंगवून ठेवा. इंजिनिअरला सगळ्यात जास्त उपयोग त्या खुणेचाच होतो, हे मी 31 वर्षांच्या नोकरीवरून सांगतो. मी बदलून जाईन तिथं आधी गावातल्या म्हाताऱ्यांना विचारायचो, पाणी कुठवर आलं होतं.

प्रश्न : आमच्या शेतात जायच्या वाटेवर ओढा आहे, त्यावर सासऱ्यांनी बाभळीचे तीन ओंडके टाकून वर पऱ्हाट्या आणि माती-मुरूम टाकून पूल केला होता त्याला आता नऊ वर्षं झाली. पोरं त्यावरूनच शाळेला जातात. मागच्या आठवड्यात दिरांनी ट्रॅक्टर नेला तर एका बाजूला दबल्यासारखं वाटलं. वरून तर लाकूड दिसतच नाही. कसं ओळखायचं?
(एक ताई, अंबाजोगाई तालुका)

उत्तर : ताई, बाकी सगळे प्रश्न मी चवीनं वाचले पण तुमचा वाचून बसवेना, म्हणून लगेच फोनही केला, इथं लिहितो ते तुमच्यासारखेच पूल असलेल्या बाकीच्यांसाठी.

बाभूळ लाकूड दणकट आहे, सासऱ्यांनी निवड चुकवली नव्हती. चूक त्या वरच्या मातीत आहे. माती आणि पऱ्हाट्या ओल धरून ठेवतात, पाऊस संपला तरी महिनाभर खालचं लाकूड भिजतं राहतं, म्हंजे बुरशीला लागतं ते सगळं आयतं. त्यात काळी माती, आणि मातीतून वाळवीला सरळ रस्ता. ओंडक्याची दोन टोकं जिथं काठात पुरलेली असतात ती सगळ्यात आधी जातात, मधलं लाकूड ठणठणीत दिसतं आणि टोक आतून पोकळ झालेलं असतं. तुमचा पूल एका बाजूला दबला तो बहुतेक टोकाकडूनच.

बघायचं असं. ओढा कोरडा असताना घरातल्या मोठ्या माणसानं बाजूनं उतरावं, बरोबर पुलाखाली उभं राहू नये. काठाकडची माती कोरून ओंडक्याची टोकं उघडी करायची. मोठा स्क्रू ड्रायव्हर घ्यायचा आणि जोर लावून टोचायचा, टोकं आणि मातीला टेकलेला वरचा भाग दोन्हीकडं. चांगल्या बाभळीत तो नखाएवढाही जाणार नाही, मनगटाला झटका बसेल. दोन बोटं आत गेला आणि बाहेर काढताना लाकडाचा चुरा आला, धागा न निघता खापरीसारखा तुकडा पडला, तर तो ओंडका गेला असं समजा. मग हातोडीनं वाजवत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं जायचं, ठण्ण वाजलं तर भरीव, धप्प वाजलं तर पोकळ. मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी.

एक जरी ओंडका गेला असेल तर तिन्ही बदला, दोन जुने एक नवा असं करू नका, नवा कडक असतो सगळं ओझं तो ओढून घेतो. नवे टाकताना साल पूर्ण काढायची, काठात पुरायचं नाही, दोन्हीकडं दगडाचा ओटा करून त्यावर टेकवायचं, टोकाला हवा लागली पाहिजे. टोकांना गरम डांबराचा हात द्यायचा, पण आधी लाकूड चांगलं वाळू द्या, ओल्यावर डांबर लावलं तर पाणी आतच कोंडतं. वर माती अजिबात नको, आडव्या फळ्या, त्यांच्यामधे करंगळी जाईल एवढी फट ठेवून, म्हंजे पाणी खाली निघून जाईल. आणि फळ्यांना खिळे टोकाशी नाही, थोडे आत, एका रेषेत नाही.

ट्रॅक्टरला हा पूल नकोच, नवा केला तरी. त्याला सिमेंटचे पाइप टाकून मोरी करून घ्या, ग्रामपंचायतीकडं अर्ज द्या, अर्जाचा मसुदा मी पाठवलाय. आणि हे सगळं होईपर्यंत पुलाच्या दोन्ही तोंडांना बोराटीचे फास, म्हंजे काटेरी फांद्या, आडवे लावून टाका, पोरांना वरच्या अंगाला जिथं ओढा उथळ आहे तिथून कुणीतरी मोठ्यानं हाताला धरून पार करावं, आणि पाणी गुडघ्याच्या वर असेल त्या दिवशी शाळा बुडाली तरी चालेल.